जळणासाठी आणि परड्यातल्या कामासाठी चेनसॉ: लहान पुरेल का?

विचारणारे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतात. घराला लागून दोनेक एकर जागा, त्यात काजू, आंबे, तीन-चार फणस, बांधावर अकेशिया आणि नीलगिरी. न्हाणीतल्या हंड्याखाली वर्षभर लाकूडच जळतं. पावसाळ्यात फांद्या मोडतात, एखादं झाड आडवं होतं. आजवर कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत यांवर भागलं, आता त्या कामाला माणूस मिळत नाही. मशीन ते स्वतः चालवणार, कधीमधी साठी ओलांडलेले वडीलही. बेळगावात एका दुकानदाराने ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) मशीन पुढे केलं. भाऊ म्हणतो ऑनलाइन मिळतं ते बॅटरीचं छोटं घेऊ. शेजारी म्हणतो, घेताय तर मोठंच घ्या की, परत परत कोण घेतंय. तर हलकं, लहान मशीन या कामाला पुरेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

पुरेल. तुमच्या कामाला ३० ते ३५ सीसीचं, १४ इंची बारचं पेट्रोल मशीन बरोबर आहे. मी झाडतोडीची कामं घेतो आणि पावसाळ्यात हीच मशीनं दुरुस्तही करतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती मशीनांत लहान पडलं म्हणून निकामी झालेलं क्वचित दिसतं. मोठं घेतलं, जड म्हणून कोपऱ्यात ठेवलं, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं आणि कार्बोरेटर बसला, अशीच जास्त येतात.

आधी एक काम करा. टेप घेऊन मागच्या वर्षीच्या जळणाच्या रचाईपाशी जा आणि ओंडक्यांची जाडी मोजा. बहुतेक लाकूड चार ते दहा इंचांत बसेल. फणसाचा किंवा आंब्याचा एखादा बुंधा दीड फुटाचा निघेल, तो वर्षातून एकदा. १४ इंची बार एका बाजूने बारा-तेरा इंचांचं लाकूड आरपार कापतो. दोन्ही बाजूंनी काप घेतला तर दोन फुटांच्या आसपासचा ओंडकाही सुटतो. रोजचं काम ज्या जाडीचं, त्या मापाचा बार घ्यायचा. वर्षातल्या एका बुंध्यासाठी तीनशे चौसष्ट दिवस २२ इंची बार मिरवण्यात काही अर्थ नाही.

आता वजन. दुकानात मशीन उचलून बघतात तेव्हा टाकी रिकामी असते आणि बऱ्याचदा बारही लावलेला नसतो. कंपनीच्या पत्रकावरचं वजनसुद्धा बहुधा बार, चेन आणि इंधन सोडूनच छापलेलं असतं. स्टिल (Stihl) कंपनीच्या एमएस १७० चं उदाहरण घ्या: ३०.१ सीसी, पत्रकात ३.९ किलो. बार-चेन चढवून टाक्या भरल्या की ते पाच किलोच्या आसपास जातं. याच जातीचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं, वजन जवळपास तेवढंच. हस्क्वर्नाचं १२० मार्क टू हे ३८ सीसीचं, नुसतंच पावणेपाच-पाच किलोचं, म्हणजे भरल्यावर सहाच्या घरात. तुम्हाला दाखवलेलं ५८ सीसीचं धूड २२ इंची बारासकट भरून हातात घ्या, सात किलोचं तरी लागेल. आणि आकड्यापेक्षा तोल वाईट. लांब बार पुढे वाकतो, डावं मनगट सतत वर ओढावं लागतं. अर्ध्या तासाने दंड भरून येतात, मग माणूस बार मांडीजवळ आणतो, टोक जमिनीला टेकवतो. अपघात याच वेळी होतात.

सीसीच्या आकड्यालाही फार भुलू नका. अंगावर ५८ लिहिलेलं असलं म्हणून आत ५८ असेलच असं नाही. सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) किती ते दुकानदाराला विचारा आणि फोनवर गणित करा: व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले ०.७८५४, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि आलेल्या उत्तराला हजाराने भागा. एमएस १७० चा व्यास ३७ आणि स्ट्रोक २८, उत्तर ३०.१ येतं, पत्रकाशी जुळतं. ज्याला व्यास-स्ट्रोक सांगता येत नाही आणि माहितीपुस्तकातही तो छापलेला नाही, त्याचे सुटे भाग तरी कशाच्या आधारावर मागवणार?

मोठ्या बारचा आणखी एक खर्च दुकानात कोणी सांगत नाही, तो म्हणजे दात. १४ इंची बारवर लो-प्रोफाइल (कमी उंचीची) चेन बसते, तिच्यात बारच्या खोबणीत बसणाऱ्या ५० कड्या आणि २५ दात. त्या २२ इंची बारवर ८६ कड्या, म्हणजे ४३ दात. धार लावायला बसलात की प्रत्येक दाताला कानस मारायची. पंचवीस दात माणूस चहा होईपर्यंत करतो. त्रेचाळीस म्हटलं की उद्या करू म्हणतो, आणि उद्या बोथट चेन घेऊनच कामाला जातो.

धारेवर जरा जास्त लिहितो, कारण लहान मशीन चाललं की नाही ते इथेच ठरतं. धारेची चेन लावलेलं ३० सीसीचं मशीन बोथट चेनच्या ५८ सीसीपुढे निघून जातं, हे मी ओंडक्यावर करून दाखवू शकतो. ओळखायचं कसं? खाली पडणारा भुसा बघा. धार असेल तर जाडसर कीस पडतो, चिमटीत धरला तर एकेक तुकडा वेगळा दिसतो. बोथट झाली की पीठ पडायला लागतं, काप काळपट होतो, जळका वास येतो आणि माणूस नकळत वरून दाबायला लागतो. मशीनने आपल्या वजनाने आत जायला हवं. दाबावं लागलं की थांबा. दात उन्हात धरून वरच्या कडेकडे बघा. कडेवर बारीक चकाकती रेघ दिसली तर तिथे धार गेलेली आहे, कारण धारदार कड उजेड परत फेकत नाही. ती रेघ जाईपर्यंत कानस मारायची.

कानस चेनच्या मापाची लागते; थ्री-एट (३/८), पॉइंट थ्री-टू-फाइव्ह (.३२५) ही चेनची इंचातली मापं. थ्री-एट लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस, पॉइंट थ्री-टू-फाइव्ह चेनला ४.८ ची. बाजारात कुठलीही गोल कानस चालेल म्हणून हातात ठेवतात, घेऊ नका, दाताचा आकार बिघडतो. दाताच्या वरच्या पाटीवर तीस अंशांची खूण असते, तिला धरून आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची, घासत आणायची नाही. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरी बाजू. प्रत्येक दाताला तेवढेच हात, नाहीतर काप एका अंगाला वळायला लागतो आणि आपण बारला दोष देतो. दातापुढे छोटं बोंड असतं, त्याला आमच्याकडे रेकर म्हणतात. दात घासून घासून खाली आला की रेकर उंच राहतो आणि दात लाकडाला पोचतच नाही. चार-पाच वेळा धार लावल्यावर पट्टी ठेवून रेकर चपट्या कानशीने खाली घ्यायचा, दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. हौसेने जास्त उतरवलात तर चेन लाकडात घुसून मशीनला झटके बसतात. लहान इंजिनाला हे मुळीच झेपत नाही.

आपल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात धारेचा खरा शत्रू लाकूड नाही, तांबडी माती आहे. जांभ्याची धूळ सालीत बसलेली असते. पावसात जमिनीवर पडून राहिलेला, रस्त्यावरून ओढत आणलेला ओंडका तसाच कापलात तर एका काप्यात धार जाते. आधी झाडूने झाडा, चिखल वाळला असेल तर कोयत्याने साल तासा. चेन जमिनीला टेकता कामा नये. ओंडका खाली ठेवून कापायचा असेल तर पाऊण कापा, उलटा करा, उरलेला वरून कापा. माडाचं आणि सुपारीचं खोडही धार फार लवकर खातं. काजू आणि फणसाचा चीक चेनवर बसून घट्ट होतो, तो काम संपल्यावर लगेच रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसायचा, दुसऱ्या दिवशी निघत नाही. बांबूला मशीन लावूच नका, त्याचे धागे क्लचच्या आवरणात गुंडाळले जातात. बांबूला हातकरवत चांगली.

चेन विकत घेताना दाताचा प्रकार विचारा. चौकोनी कोपऱ्याचा फुल-चिझल दात स्वच्छ, ओल्या लाकडात सरसर जातो, पण मातीत एका मिनिटात मरतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी-चिझल जरा सावकाश कापतो आणि जास्त टिकतो. आपल्याकडच्या वाळक्या, मळलेल्या जळणाला सेमी-चिझल. तसंच बारवर ठोकलेलं माप बघून घ्या. १.१ मिलिमीटरच्या खोबणीत १.३ ची चेन बसत नाही, आणि १.३ च्या खोबणीत १.१ ची चेन डुलते. दुकानात "सगळ्यांना एकच बसते हो" म्हणून देणारे आहेत. जुनी चेन खिशात घालूनच दुकानात जा.

बॅटरीच्या मशीनबद्दल. भाऊ दाखवतो ते चार-सहा इंची खेळणं म्हणू नका, काजूची छाटणी करायला, कुंपणातल्या फांद्या तोडायला, मनगटाएवढ्या डहाळ्यांचे तुकडे करायला ते फार सोयीचं आहे, आवाज नाही, दोरी ओढायला नको. पण हंड्याखालचं वर्षाचं जळण त्यावर निघणार नाही. मोठ्या कंपन्यांची ३६ व्होल्टची खरी बॅटरी मशीनं कामाची आहेत, मात्र एका बॅटरीवर थोडकंच काम होतं आणि दुसरी बॅटरी घ्यायला गेलात तर पैशांचं गणित पेट्रोल मशीनच्या बाहेर जातं. ज्यांच्याकडे त्याच कंपनीचं ड्रिल, ग्राइंडर आणि बॅटऱ्या आधीच आहेत, त्यांनी जरूर विचार करावा.

वायरवरचं इलेक्ट्रिक मशीन मात्र लोक उगाच वगळतात. तुमचं ऐंशी टक्के काम घरामागे आणून टाकलेली लाकडं तुकडे करण्याचं असेल, तर १८००-२००० वॅटचं इलेक्ट्रिक मशीन पेट्रोलपेक्षा बरं. वास नाही, मिश्रण नाही, वर्षभर पडून राहिलं तरी बटण दाबलं की चालू. वडिलांसाठी तर मी तेच सुचवेन. अटी दोन. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि जोडणीला वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. गावाकडचं व्होल्टेज संध्याकाळी बसतं तेव्हा बारीक वायरवर मोटर तापते. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हाच झाड आडवं पडतं, आणि बांधापर्यंत वायर पोचत नाही, म्हणून एकच मशीन घेणार असाल तर पेट्रोल.

पेट्रोलवर दोन शब्द जपून वाचा. ही टू-स्ट्रोक इंजिनं, ऑइल पेट्रोलात मिसळावं लागतं. कंपनीचं चांगलं टू-टी ऑइल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. साधं टू-टी असेल तर २५ ला १, लिटरला ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका. औषधाच्या दुकानात सुई नसलेली मोठी सिरिंज मिळते, ती या कामाला उत्तम. ऑइल कमी पडलं तर पिस्टनवर उभ्या रेघा पडतात आणि त्या मशीनचा दुरुस्तीखर्च नव्याच्या निम्म्यावर जातो. दुसरं, आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तर विचारूच नका. कार्बोरेटरमधला रबरी पडदा ताठरतो, इंधनाची नळी फुगते. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करायचं. पंधरा दिवस मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, मग चालू करून आपोआप बंद पडू द्या. दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्याअधिक मशीनांचं दुखणं एवढ्याने टळलं असतं.

चेनच्या ऑइलला आपल्याकडे सर्रास गॅरेजमधलं काळं ऑइल घालतात. फुकट मिळतं म्हणून. त्यात धातूचा कीस असतो, ऑइल पंपाची बारीक वाट बुजते, बार कोरडा पडतो, निळा होतो. शिवाय ते तुषार होऊन अंगावर, तोंडावर उडतं. बार ऑइल मिळालं नाही तर नवं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला, जळकं नको. या लहान मशीनांत टाक्यांची मापं अशी ठेवलेली असतात की पेट्रोल संपतं तेव्हा ऑइल थोडं उरलेलं असतं. म्हणून पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी ऑइलही भरायचं. पेट्रोल संपलं आणि ऑइलची टाकी तशीच भरलेली दिसली तर वाट बुजली आहे, पुढे चालवू नका. बार कोऱ्या ओंडक्यापुढे धरून एक्सलरेटर दिला तर लाकडावर ऑइलच्या ठिपक्यांची रेघ उमटायला हवी.

विकत कुठून घ्यावं? ऑनलाइन सहा-आठ हजारांत ५८ सीसी येतं आणि नावाजलेलं लहान मशीन त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतं, हे खरं आहे. तरी माझा सल्ला असा की जवळच्या ज्या दुकानात कार्बोरेटरचा पडदा, ऑइल पंप, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि स्टार्टरची दोरी काउंटरमागे टांगलेली दिसते, तिथूनच घ्या. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, जिथे तुमचं जाणं-येणं असेल तिथे. दुकानात फक्त मशीन असेल आणि भाग "मागवून देतो" असेल, तर बाहेर पडा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारागीर लेथवर काहीही बनवून देतील, पण टू-स्ट्रोकचा रबरी पडदा काही लेथवर बनत नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकलाही बाजारात आहेत. बिल, अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्ड एकमेकांशी जुळतात का ते दुकानातच बघा. तिथेच थंड मशीन चालू करून दाखवायला सांगा, चेन ब्रेक पुढे ढकलून चेन जागच्या जागी थांबते का ते पाहा, आणि हँडल व इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग आहे ना ते हाताने हलवून बघा. ते नसेल तर सगळी थरथर बोटांत येते. वडील चालवणार असतील तर हे वजनापेक्षाही महत्त्वाचं.

चालू करण्यावरून बरीच भांडणं होतात म्हणून सांगतो. थंड मशीनला चोक पूर्ण, मग ओढत राहायचं ते एक "पॉप" ऐकू येईपर्यंतच. तो आवाज आला की चोक अर्ध्यावर आणायचा आणि पुन्हा ओढायचा. पहिला पॉप ऐकला नाही, चोकवरच ओढत राहिलात, की प्लग ओला होतो आणि मग माणूस मशीनला शिव्या देतो. प्लग काढून पुसा, चोक पूर्ण काढून घ्या, चार वेळा ओढा, प्लग लावा. ओढताना मशीन जमिनीवर, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. एका हातात लटकावून दुसऱ्याने दोरी खेचतात तसं नाही.

लहान मशीन म्हणजे धोका कमी, असं डोक्यातही आणू नका. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लागला की बार उलटा फिरून तोंडाकडे येतो. याला किकबॅक म्हणतात आणि तो डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. हलकं मशीन तर जास्तच उसळतं, कारण त्याला आवरायला वजन नसतं. म्हणून डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून वळवून घट्ट, कोपर सरळ, डोकं बारच्या रेषेत नाही तर डावीकडे. ओंडक्यांच्या ढिगात बार खुपसू नका, मागच्या ओंडक्याला टोक कधी लागलं ते कळतही नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवरून कापायचं नाही, कोण म्हणतंय ते बघायचं नाही. उंचावरच्या फांदीला लांब दांड्याची करवत घ्या. वरच्या बाजूला हँडल असलेली छोटी, देखणी मशीनं दुकानात दिसतील. ती दोर बांधून झाडावर चढणाऱ्यांसाठी आहेत, जमिनीवर उभं राहून जळण कापायला ती घेऊ नका.

लुंगी, चप्पल आणि गळ्यात टॉवेल या वेषात मशीन धरलेले लोक मला दर आठवड्याला दिसतात. बंद जाड बूट, अंगाबरोबर कपडे, जाळीची झडप असलेलं हेल्मेट आणि कानावर मफ. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, दोन वर्षांनी घरच्यांना मोठ्याने बोलावं लागेल. चेनपासून वाचवणारी पँट किंवा पायावर बांधायची चॅप्स महाग वाटते, पण तिच्या आतले धागे चेनमध्ये ओढले जाऊन स्प्रॉकेट जागीच अडवतात. मशीनचे पैसे मोजताना हे धरूनच बजेट करा. त्यासाठी मशीन एक नंबर खालचं घ्यावं लागलं तरी घ्या.

जळण कापायला एक घोडी करा. चार इंची वाशांची दोन इंग्रजी एक्ससारखी पायं, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. ओंडका कमरेच्या किंचित खाली येतो, वाकावं लागत नाही आणि चेन मातीला लागत नाही. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मधला काप वरून मिटतो आणि बार अडकतो. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून. एक टोक बाहेर लोंबत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. अडकलाच तर मशीन हिसकू नका, बंद करा आणि प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर ठोका. लोखंडी पाचर चेनला लागली तर एका क्षणात दात उडतात.

वाऱ्याने मुळासकट उपटून पडलेलं झाड हा वेगळा प्रकार आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ही वेळ दरवर्षी येते. बुंधा कापला की मुळांची पाटी मातीच्या वजनाने धाडकन परत खड्ड्यात बसते, किंवा वाकून दबलेली फांदी सुटून छातीवर येते. फांद्या शेंड्याकडून थोड्या थोड्या छाटायला हरकत नाही, बुंध्याला हात लावू नका. झाड तारेवर टेकलेलं असेल तर १९१२ वर हेस्कॉमला (वीज कंपनीला) कळवा आणि वीज बंद केल्याची खात्री त्यांच्या तोंडून होईपर्यंत जवळ जाऊ नका. ओलं झाड वीज वाहतं.

कायद्याचंही बघा. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ अशी काही झाडं त्यातून वगळलेली आहेत. साग, फणस, आंबा तोडायचा असेल तर आधी खानापूरच्या रेंज ऑफिसात अर्ज. पडलेलं झाड असलं तरी कापण्याआधी फोटो काढून गार्डला दाखवलेलं बरं, कारण एकदा तुकडे झाले की ते पडलं होतं की पाडलं हे कोण सांगणार. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्याच्या हद्दीजवळ जमीन असेल तर मशीनचा आवाज ऐकूनच माणसं येतात, कागद हाताशी ठेवा. मशीन आलं म्हणून रानातलं वाळकं लाकूड आणायचा मोह होईल. डोक्यावरून आणलेली मोळी आणि मशीनने केलेले सारखे तुकडे यांत गार्ड फरक करतो.

जळण कापायची वेळ पौष-माघ. तेव्हा फूट-सव्वा फुटाचे तुकडे करून, फोडून, वर पत्रा टाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून रचलं, तर मृगापर्यंत चांगलं वाळतं. फोडायला कुऱ्हाडच. चेनसॉने उभं चिरत बसू नका, चेनचे दात आडव्या कापासाठी घडवलेले असतात. अकेशिया आणि नीलगिरी ओली असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर कुऱ्हाड उसळते.

म्हणजे यादी अशी झाली: ३० ते ३५ सीसी, १४ इंची बार, एक जादा सेमी-चिझल चेन, ४ मिलिमीटरच्या दोन कानशी आणि रेकरची पट्टी, चांगलं टू-टी, बार ऑइल, हेल्मेट, चॅप्स. पुढे कधी शेजाऱ्यांची कामं पैसे घेऊन करायला लागलात किंवा रोज दीड फुटाचे बुंधे समोर यायला लागले, तर ४५ सीसीचं आणि १६ इंची बारचं बघा, तेव्हा तुमच्या हाताला वजनाची सवय झालेली असेल. आणि तीन फुटी आंबा पडला तर त्या दिवसापुरता मोठ्या मशीनवाला बोलवा. बुंधा त्याला कापू द्या, फांद्या तुमच्या मशीनने तुम्ही सोडवा. मजुरीही त्याप्रमाणे कमी ठरवता येते.